सुरतेची शिवणपेटी

सुरत हा शब्द उच्चारला की मराठी माणसास पेटी आठवते खरी, परंतु ती खजिन्याची. १६६४ आणि १६७० ही दोन साले आम्ही शाळेत पाठ केली आणि पुढे मास्तर झाल्यावर तीच पाठ करवून घेतली. त्यांत फार तर १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनातील दंगल आणि व्यासपीठावर येऊन पडलेला तो इतिहासप्रसिद्ध जोडा यांची भर पडली असेल. ज्या शहराने जहाजे बांधली, किनखाब विणला, जरीची तार ओढली आणि लाकडाच्या अंगावर तिळाएवढ्या तुकड्यांची नक्षी बसविली, त्या शहराचे हातकाम न्याहाळण्यास आमच्या वाङ्मयास सवड झालेली नाही. तेथून काय आणले याचा हिशेब आम्हांस तोंडपाठ आहे. तेथे काय घडत होते आणि ते कोण घडवीत होते याची मात्र विचारपूस नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय त्याच सुरतेची एक लाकडी पेटी हा आहे. इंग्रज मडमेच्या शिवणकामासाठी म्हणून जी घडविली जात असे, आणि सादेली नावाच्या जडावकामाने जी मढविलेली असे, ती ही पेटी. साहित्यविषयक नियतकालिकाच्या पानांवर सुईदोऱ्याच्या पेटीने का यावे, असे एखादा सभासद विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, कलाकृतीतील सौंदर्य नेमके कोठे वसते आणि तिचा कर्ता कोणास म्हणावे, या ज्या दोन प्रश्नांवर आमच्या समीक्षेने आजवर पुष्कळ शाई खर्च केली, ते दोन्ही प्रश्न या पेटीपुढे जितके उघडे होऊन उभे राहतात तितके कवितेपुढेही राहत नाहीत. कवितेच्या माथ्यावर कवीचे नाव छापलेले असते, त्यामुळे दुसरा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पेटीवर नाव नसते.

आम्ही राहतो सचिन येथे. (हे नाव ऐकताच श्रोत्यांच्या चेहऱ्यावर क्रिकेटचे मैदान पसरते, त्यास आमचा इलाज नाही.) मुंबईहून सुरतेस जाताना भेस्तान आणि उधना यांच्या अलीकडे हे स्टेशन लागते. आज त्याची ओळख औद्योगिक वसाहत, यंत्रमाग आणि कापडाच्या गिरण्या अशी आहे. १९४८ पर्यंत मात्र हे सिद्दी नवाबाचे संस्थान होते. १७९१ साली जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील अब्दुल करीम याकूत खान याने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांस लिहून दिला आणि त्याच्या बदल्यात सुरतेजवळची ही गावे घेतली. पेशव्यांना जंजिरा कधीच मिळाला नाही. सिद्द्यांना सचिन मिळाले. मराठी मुत्सद्देगिरीच्या इतिहासातील हा व्यवहार आमच्या विद्यार्थ्यांना सांगताना आम्हांस नेहमी थोडे हसू येते. या परिसरात आज खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे इतकी आहेत की त्यांच्या मुलांसाठी सुरतेत मराठी माध्यमाच्या शाळा चालतात. तशाच एका शाळेत आमची हयात गेली.

आता पेटीकडे वळू. आमच्या समोर आहे ती सुमारे फूटभर लांब आणि पाऊण फूट रुंद आहे. अंग चंदनाचे. झाकण चारी बाजूंनी किंचित उतरते, त्यामुळे पेटीस एखाद्या लहान घराची कळा येते. कडांना पांढऱ्या पट्ट्या. पट्ट्यांच्या आत नक्षीचे पाटे. पाट्यांच्या आत पुन्हा पांढरी रेघ. आणि मधोमध एक मोठे चक्र. दुरून पाहता हे सारे राखी-हिरवट दिसते. जवळ आल्यावर त्या राखेत तारे फुटू लागतात. प्रत्येक तारा षट्कोनात बसलेला, प्रत्येक षट्कोन लहान त्रिकोणांचा, आणि त्रिकोण काळा, पांढरा, तांबडा, हिरवा किंवा कथलाच्या चकाकीचा. झाकण उघडले की आत उचलून काढता येण्याजोगी एक तबकडी. तीत लहानमोठे कप्पे. काही कप्प्यांना स्वतःची झाकणे आणि त्यांना धरावयास वाटाण्याएवढ्या गुंड्या. एक कप्पा अंगुस्तानाचा, एक मेणाचा, एक टाचण्या टोचावयाच्या मखमली गादीचा. दोरा गुंडाळावयाच्या ताऱ्याच्या आकाराच्या चकत्या वेगळ्या. झाकणाच्या आतल्या बाजूस एके काळी तांबडे रेशीम असावे. आज त्याचे चार धागे उरले आहेत.

ही नक्षी कशी केली जाते हे समजून घेतल्यावाचून तिच्याविषयी एक वाक्यही लिहू नये, असे आमचे मत आहे. पाहणारास वाटते की कारागिराने एकेक त्रिकोण चिमट्याने उचलून लाकडात बसविला असेल. तसे नसते. आबनूस, पतंगाचे तांबडे लाकूड, हाड किंवा हस्तिदंत, हिरवे रंगविलेले हाड अथवा शिंग, आणि कथलाची तार यांच्या लांब, बारीक काड्या प्रथम तयार करतात. कानशीने घासून काडीस तिकोनी, चौकोनी किंवा अन्य हवा तो छेद देतात. मग त्या काड्या ठरलेल्या क्रमाने एकत्र रचून, सरस लावून, दोऱ्याने करकचून बांधतात. वाळल्यावर ती एक जाड कांडी होते. बाहेरून पाहता त्या कांडीत काहीच दिसत नाही. पण आडवी कापली की छेदावर तारा असतो. पुन्हा कापा, पुन्हा तोच तारा. अशा कांड्यांच्या मोळ्या बांधून त्यांच्या करवतीने पातळ चकत्या पाडावयाच्या आणि त्या चकत्या चंदनाच्या अंगावर शेजारी शेजारी चिकटवावयाच्या. नंतर घासणे आणि झिलई. नमुन्यांची नावे घरगुती आहेत: चक्कर गूल, तिनकोनिया गूल, चोरस गूल. गूल म्हणजे फूल; फारसीने दिलेले आणि गुजरातीने सांभाळलेले.

म्हणजे येथे नक्षी काढली जात नाही, ती कापली जाते. चित्रकार रेघ ओढतो आणि ओढताना पाहतो. सादेलीवाला जे रचतो ते करवत फिरेपर्यंत त्यालाही दिसत नाही. शिवाय कांडी बांधताना एक काडी केसभर हलली तर ती चूक एका चकतीत राहत नाही, त्या कांडीतून निघणाऱ्या प्रत्येक चकतीत ती उमटते. एखाद्या कवीने ओवीच्या पहिल्या चरणात एक मात्रा चुकवावी आणि पुढच्या शंभर ओव्यांत ती आपोआप चुकत जावी, तसा हा प्रकार आहे. आमच्या पेटीच्या मागच्या बाजूस असा एक पाटा आहे. त्यातील प्रत्येक ताऱ्याचा एकच पाय, उजवीकडचा खालचा, आखूड आहे. तो लक्षात आल्यापासून आम्हांस पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू अधिक प्रिय झाली, हे येथे कबूल करतो. शिकाऊ हाताचे काम मागे लावण्याची कारखान्यातील रीत असावी, असा आमचा तर्क आहे.

या कामाचा प्रवास शिराझहून सिंधमार्गे सुरतेस आणि सुरतेहून मुंबईस झाला, असे जॉर्ज बर्डवुड याने आपल्या ‘इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ या १८८० च्या ग्रंथात नोंदविले आहे. इराणात त्याच जातीचे खातमकाम अद्याप चालते, त्यामुळे या वंशावळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. इंग्लंडात टनब्रिज वेल्स या गावीही १८३० च्या सुमारास रंगीत लाकडाच्या काड्या बांधून आडव्या कापण्याची युक्ती रूढ झाली आणि तेथेही तिचा विनियोग शिवणपेट्यांवर झाला. सुरतेच्या पेटीत मात्र जगाचा नकाशाच पडून आहे: चंदन दक्षिणेच्या रानातले, दात पूर्व आफ्रिकेतून गलबतावर आलेला, आकृती इराणची, हात पारशी किंवा हिंदू कारागिराचा, आणि पेटी लंडनच्या दिवाणखान्यासाठी. आफ्रिकेतून दातांबरोबर माणसेही या किनाऱ्यावर आली, त्यांतल्याच एका घराण्याने पुढे सचिनची गादी चालविली. असे असूनही बाजारात या पेट्यांस नाव मिळाले ते ‘बॉम्बे बॉक्स’. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्या मुंबईच्या म्हणून मांडल्या गेल्या. ज्या बंदरातून माल चढला त्याचे नाव मालास लागले. ज्या गल्लीत सरस उकळला ती गल्ली गळून पडली.

बर्डवुडविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण या विषयावरील आमची सारी माहिती त्याच्या मार्गाने येते आणि आमची सारी अडचणही. त्याचा जन्म १८३२ साली बेळगावचा. मुंबईत तो वैद्यक शिकवीत असे. भायखळ्याच्या संग्रहालयाच्या उभारणीत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या बरोबरीने त्याचा हात होता. हिंदी कारागिरावर त्याने जितक्या प्रेमाने लिहिले तितके त्याच्या पिढीच्या इंग्रजांत क्वचितच कोणी लिहिले असेल. आणि तरीही याच गृहस्थाने १९१० साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये, हॅवेलच्या व्याख्यानास अध्यक्ष असताना, हिंदुस्थानात ललितकला म्हणून काही आपणांस आढळली नाही असे सांगितले आणि जावा बेटातील एका बुद्धमूर्तीची तुलना उकडलेल्या चरबीच्या पुडिंगशी केली. त्यावर गदारोळ झाला, ‘टाइम्स’मध्ये निषेधाचे पत्र आले आणि त्याच वर्षी लंडनात इंडिया सोसायटी स्थापन झाली. बुद्धमूर्तीच्या बाजूने बोलावयास पुष्कळ लोक पुढे आले. परंतु या वादात एक गोष्ट कोणी विचारली नाही. मूर्ती ललितकलेत बसते असे सिद्ध झाले, म्हणून पेटी तीत बसत नाही हे ठरले काय? मूर्तीची सुटका करताना पेटीस तेथेच कोंडून सारे निघून गेले.

आमच्या मराठी समीक्षेने या कोठडीचे दार उघडून पाहिले आहे काय? एकदा उघडले होते असे म्हणता येईल. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात सौंदर्य म्हणजे लयबद्ध रचना असे प्रतिपादून संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे तीन नियम सांगितले. हे नियम आमच्या पेटीस लावून पाहावेत: तारा ताऱ्याशी संवाद करतो, काळा त्रिकोण पांढऱ्यास विरोध करतो, आणि मधल्या चक्राने चारी पाटे तोललेले असतात. मर्ढेकरांचे नियम मर्ढेकरांच्या कवितेसही इतके बिनबोभाट लागू पडत नाहीत. पण या सुलभतेनेच आम्ही सावध झालो. याच नियमांनी फरशी, गालिचा आणि चौपाटीवरील विद्युत्‌रोषणाईसुद्धा सुंदर ठरते. पेटी ही पेटी आहे, ती उघडते, तिच्यात सुई ठेवतात, हे मात्र त्या हिशेबात येत नाही. पुढे रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्याच्या संकल्पनेस लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव असल्याचे दाखविले. तो ग्रंथ साहित्याकडे वळला हे स्वाभाविकच होते. परंतु आमच्या पेटीचे दोन ध्रुव समजावयास आम्हांस त्याचाच आधार वाटतो. बाहेरचे अंग एका ध्रुवाकडे ओढते, आतले दुसऱ्याकडे.

येथे आमचे मत स्पष्ट सांगावयास हवे. सुरतेच्या शिवणपेटीचे बाहेरचे अंग, कौशल्य कितीही असो, पुष्कळदा आम्हांस दमविते. डोळ्यास विसावा घेण्यास एक बोटभर चंदनही मोकळे सोडलेले नसते. पाट्यात पाटा, रेघेत रेघ; काही पेट्यांना तर खाली सिंहाचे पंजे. मडमेस आवडते म्हणून अधिक, आणि अधिक म्हणजे अधिक किमतीचे, असा तो हिशेब होता आणि कारागिराने तो पोटासाठी पाळला. उलट आतली तबकडी पाहावी. तेथे नक्षी झाकणांच्या गुंड्यांभोवती तेवढी. बाकी उघडे चंदन. प्रत्येक कप्प्याची खोली आत ठेवावयाच्या वस्तूस इतकी नेमकी की अंगुस्तान उचलताना बोटाचे टोकच आत जाते आणि ते नेमके अंगुस्तानातच जाते. बाहेर कारागिराने गिऱ्हाइकाकडे पाहिले, आत त्याने शिवणाऱ्या हाताकडे पाहिले. ज्यास आम्ही काव्यात औचित्य म्हणतो ते येथे इंचाने मोजून दाखविता येते.

हे आमच्या ध्यानात आले ते एका परक्या पेटीमुळे. अमेरिकेत शेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. अ‍ॅन ली ही इंग्लंडातील बाई १७७४ साली काही अनुयायांसह अमेरिकेस गेली आणि तेथे या पंथाच्या वसाहती वाढल्या. ब्रह्मचर्य, समाईक मालमत्ता आणि हाताने काम हे त्यांचे नियम. त्यांच्या लंबवर्तुळ पेट्या प्रसिद्ध आहेत: मेपलची पातळ फळी वाफेवर नरम करून वळवावयाची, तिची टोके हाताच्या बोटांसारखी कापून एकमेकांवर बसवावयाची आणि तांब्याच्या बारीक खिळ्यांनी ठोकावयाची. नक्षी मुळीच नाही. बोटांसारखी कापलेली ती टोके म्हणजे शोभेस जागा, असे पाहणारास वाटते. परंतु फळी हवेने फुगते-आकसते तेव्हा ती फुटू नये म्हणून ती तशी कापलेली असतात. पुढे याच पेट्यांना कडी आणि रेशमी अस्तर लावून शिवणपेट्या होऊ लागल्या. मेन संस्थानातील सबाथडे लेक या वसाहतीचे डेल्मर विल्सन (१८७३–१९६१) यांनी अशा पेट्या हिवाळ्या-हिवाळ्यांत शेकड्यांनी केल्या, आणि उन्हाळ्यात आलेल्या प्रवाशांनी त्या विकत नेल्या.

आम्ही प्रथम या दोन पेट्यांची तुलना केली तेव्हा शेकरांची साधी आणि म्हणून थोर, सुरतेची भरगच्च आणि म्हणून हलकी, असा निकाल मनाशी जवळजवळ लिहून टाकला होता. आजकाल असा निकाल सभ्य समजला जातो. परंतु तो लबाडीचा आहे. शेकर कारागीर आपल्या घरच्या धर्माप्रमाणे पेटी करीत होता आणि त्याची भाकर पेटी विकली गेली नाही तरी सामायिक चुलीवर भाजली जात होती. सुरतेच्या कारागिरास हे दोन्ही आधार नव्हते. दुसऱ्याच्या रुचीचे ओझे वाहत असताना त्याने तबकडीच्या आत आपल्या रुचीस जागा काढली, हे आम्हांस अधिक अवघड वाटते.

नावाच्या बाबतीतही तेच. शेकरांनी अनामिकता व्रत म्हणून घेतली होती. तरी विल्सन यांचे नाव, जन्मसाल आणि छायाचित्र आज उपलब्ध आहे. सुरतेच्या कारागिराने असे व्रत घेतल्याचे कोठे आढळत नाही. त्याचे नाव कोणी विचारले नाही एवढेच. आनंद कुमारस्वामींनी ‘द इंडियन क्राफ्ट्समन’ (१९०९) या पुस्तकापासून पुढे हिंदी कारागिराच्या निरहंकारी अनामिकतेचे जे गुणगान केले, ते वाचताना आमचे मन दर वेळी एका ठिकाणी अडखळते: नाव सोडणे आणि नाव न विचारले जाणे या दोहोंत अंतर आहे. सुरतेत एक खूण मात्र उरली. पारशी समाजात पेटीगरा हे आडनाव आहे. पेटी घडविणारा तो पेटीगरा. मुंबईत धोबीतलावाजवळ कावसजी पेटीगरा यांचा पुतळा उभा आहे. ते होते पोलीस खात्यातील वरिष्ठ अधिकारी. पेटी करणाऱ्याचा पुतळा नाही, पण त्याच्या धंद्याचे नाव पुतळ्याखाली कोरलेले आहे.

आता आमच्या समोरच्या पेटीची हकीकत. आमच्या मातोश्री खानदेशातून सुरतेस आल्या त्या सत्तरच्या दशकात. वडील यंत्रमागावर, मातोश्री नानपुऱ्यातील एका पारशी घरी शिवणास जात. उसवलेले शिवणे, गुंड्या लावणे, जुन्या पडद्यांची अभ्रे करणे, असे ते काम. त्या घरची वृद्ध बाई मुंबईस लेकीकडे जावयास निघाली तेव्हा तिने ही पेटी मातोश्रींना दिली. तीत तिचे सामान होते तसेच होते. मातोश्रींनी ते सामान बाहेर काढून वापरले आणि पेटीत रेशनकार्ड, दाखले आणि आमची गुणपत्रके ठेविली. त्यांच्या सुया तेव्हाही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या, आजही आहेत. आमच्या शाळेतील मुलांच्या आया घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवितात, धागे कापतात. त्यांच्याकडेही डबाच असतो. शिवणपेटी तिच्या जवळ असते जिला शिवण्याची सक्ती नसते, हे विधान आम्ही एका व्याख्यानात मोठ्या आवेशाने केले होते. टाळ्याही मिळाल्या. मातोश्रींना ते घरी वाचून दाखविले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “अरे, ती पेटी उघडून बस म्हटलं तर मांडीवर मावते का? डबा मावतो.” अभ्यासकाने वस्तू वापरणारास विचारावे, हे आम्हांस तोवर सुचले नव्हते.

गेल्या वर्षी झाकणावरील काही चकत्या निखळल्या, तेव्हा आम्ही पेटी घेऊन सुरतेत गेलो. हे काम जाणणारे कारागीर आज तेथे बोटांवर मोजण्याइतके आहेत. पंतप्रधानांनी २०२२ साली बाली येथील वीस राष्ट्रांच्या परिषदेच्या वेळी इटलीच्या पंतप्रधानांस पाटणचे पटोळे भेट दिले ते सादेलीच्या पेटीतून दिले, म्हणून वर्तमानपत्रांत या कामाचे नाव आले होते. परंतु तेथेही पेटी आली ती पटोळ्याचे वेष्टन म्हणून. आम्ही ज्यांच्याकडे गेलो ते वृद्ध गृहस्थ पेटी हातात घेऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्या मनात एकच धास्ती होती. १९८६ च्या कायदेदुरुस्तीने देशी हस्तिदंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेच्या हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला, तो योग्यच झाला. आता त्या जागी काय बसवावयाचे, आणि बसविल्यावर ही पेटी तीच राहील काय? तसे आम्ही विचारले. त्यांनी भिंग पुढे केले आणि म्हणाले, “साहेब, हा दात नाही. हाड आहे. हे काळे ठिपके बघा.” खरोखरच पांढऱ्या पट्टीत सुईच्या टोचणीसारखे सूक्ष्म ठिपके होते. हस्तिदंतात ते नसतात. त्यात आडव्याउभ्या रेषांची जाळी असते.

चाळीस वर्षे आम्ही जिला हस्तिदंती पेटी म्हणून पाहुण्यांस दाखवीत आलो, ती एका क्षणात हाडाची झाली. त्या रात्री पेटी घरी नव्हती, तरी आम्ही मनातल्या मनात ती पुनःपुन्हा उघडून पाहिली. काय कमी झाले? एक ताराही हललेला नव्हता. मर्ढेकर असते तर म्हणाले असते की लय तीच आहे. आणि तरीही काहीतरी कमी झाले होते, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. फक्त ते पेटीतून कमी झाले की आमच्यातून, हे त्या रात्री ठरले नाही. उण्या जागी हाड बसवावे की आजकाल वापरतात ते अ‍ॅक्रिलिक, हा प्रश्न मात्र या शोधाने हलका केला. हाड हे स्वतःच दाताच्या जागी आलेले होते. आम्ही अ‍ॅक्रिलिक बसवा म्हणून सांगितले.

पेटी आणावयास गेलो तेव्हा आमचा दुसरा प्रश्न आम्ही पुढे केला. तबकडीखाली, कोणास दिसणार नाही अशा ठिकाणी, आपले नाव लिहून द्या, अशी आम्ही त्यांस विनंती केली. अनाम कर्त्यांविषयीचा हा लेख तेव्हा अर्धा लिहून झालेला होता आणि त्याचा शेवट आम्हांस तेथे दिसत होता. ते म्हणाले, “काका, नाव कोणाचं लिहू?” (आम्ही त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान; पण शाळेच्या साहेबास काका म्हणण्याची सुरतेत चाल आहे.) मग त्यांनी सांगितले ते असे: बसविलेल्या चकत्या ज्या कांडीतून कापल्या ती कांडी त्यांच्या वडिलांनी बांधून ठेवलेली, तिच्यातील अ‍ॅक्रिलिकच्या काड्या तेवढ्या नव्या, जुन्या पांढऱ्या काढून घातलेल्या, त्या काड्या घासल्या त्यांच्या पत्नीने, करवत फिरविली भाच्याने, कारण त्यांचा स्वतःचा हात आता कापतो, त्यांनी स्वतः चिकटविले आणि झिलई दिली. शिवाय बाकीची पेटी ज्याने केली तो निराळाच. शेकरांच्या पेट्यांविषयी आम्ही जे वाचले होते ते आम्हांस तेथे आठवले: लाकूड बंधूंचे असे, पण आतले अस्तर, गादी, सुयांचे घर भगिनी करीत, छायाचित्र विल्सन यांचे आहे. नाव एकच असावे हा आग्रह आम्ही पुस्तकांच्या मुखपृष्ठावरून उचलून पेटीवर आणला होता.

त्यांनी तबकडी उलटी केली आणि पेन्सिलीने फक्त तारीख घातली. मजुरी ठरल्यापेक्षा पन्नास रुपये कमी घेतली, कारण मागचा आखूड पायाचा पाटा त्यांना दुरुस्त करावयाचा होता आणि आम्ही तो करू दिला नाही.

पेटी आता पुन्हा मातोश्रींच्या खोलीत आहे. नव्या चकत्यांतील पांढरा रंग जुन्याहून उजळ आहे, तो दारातूनही कळतो. दहा-वीस वर्षांत हाड पिवळे होते तसे अ‍ॅक्रिलिक होणार नाही, त्यामुळे हा भेद वाढतच जाईल. मातोश्रींनी कागद पुन्हा आत ठेविले. तबकडी मात्र त्यांनी बाहेर काढून आम्हांस दिली, कारण तिच्यामुळे रेशनकार्डास घडी पडते. ती सध्या आमच्या शाळेतील मेजावर आहे आणि तिच्या अंगुस्तानाच्या कप्प्यात खडूचे तुकडे बरोबर मावतात.